मला बी एक भिंत द्या

आमच्या धंद्यात केलेलं काम भिंतीत गाडलं जातं आणि किस्से तेवढे बाहेर राहतात. लोकांच्या घरी होम थिएटर बसवायचं, त्यासाठी नेटवर्कची केबल निवडायची, ती पाइपातून ओढायची आणि वरून गिलावा मारून टाकायचा. झालं! पुढे वर्षानुवर्षं त्या केबलीचं तोंड कुणी बघत नाही. पण ती ओढताना कोण काय बोललं, कुणाची जिरली, कुणाचे डोळे पांढरे झाले, हे मात्र रोज चहाबरोबर निघतं. दुकान सोलापुरात, चार माणसांचं, पण किस्से चाळीस माणसांना पुरतील एवढे. आणि त्यातले निम्मे एकट्या अंबक्काचे!

चार माणसं कोण ते आधी सांगतो. मालक सिद्राम अण्णा, अक्कलकोटकडचे. खुशीत असले की मराठी बोलतात, चिडले की कन्नड. त्यामुळे आम्हा सगळ्यांना कन्नड बऱ्यापैकी यायला लागलंय! दुसरे इक्बालभाई. भिंतीत खाच काढून पाइप बसवणं हे त्यांचं काम. भिंतीवर दोन टिचक्या मारून आतून जुनी वायर कुठून गेलीय ते सांगतात, आणि माझ्यासमोर तरी कधी चुकलेले नाहीत. तिसरा मी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, साइट बघून कोटेशन काढतो. माझं खरं नाव दुकानात कुणी घेत नाही, सगळे मला 'डिप्लोमा' म्हणतात. आणि चौथी अंबक्का. जवळच्या कुंभारी गावची. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आमच्याकडे यायच्या आधी तिनं बावीस वर्षं विड्या वळल्या.

* * *

अंबक्का आमच्याकडे आली ती झाडलोट करायला. विड्यांचं काम कमी झालं होतं, ओळखीतल्या कुणीतरी अण्णांना सांगितलं, अण्णांनी ठेवून घेतली.

चौथ्या दिवशीची गोष्ट. दुकानात केबलचे वीस बॉक्स नवीन आले होते. कॅट सिक्स प्रकारची, आणि बॉक्सवर ठळक इंग्रजीत छापलेलं, शंभर टक्के शुद्ध तांबं. नवा सप्लायर, आणि भाव असा की अण्णा दोन दिवस अखंड मराठीत बोलत होते!

अक्काला खालची फरशी पुसायची होती. तिनं एक बॉक्स उचलून बाजूला ठेवला. थांबली. परत उचलला. मग कोपऱ्यात पडलेला आमचा नेहमीच्या कंपनीचा बॉक्स उचलून बघितला.

"डिप्लोमा, ह्यात माल कमी भरलाय."

मला हसू आलं. म्हटलं, "अक्का, दोन्ही तीनशे पाच मीटर आहेत. लिहिलंय त्याच्यावर."

"लांबी आसंल की. माल कमी हाय." तिनं बॉक्स हातात झुलवून दाखवला. "बिडी बघाय गेलं तर सारखीच दिसती. हातात घेतली की कळतंय आत तंबाखू किती हाय ते."

अण्णांनी गंमत म्हणून माझ्या हातात ब्लेड दिलं. मी एक तार खरवडली. वरून झकास तांब्याचा रंग, आणि आत पांढरंफक अॅल्युमिनियम! नुसता मुलामा. दुसरा बॉक्स फोडला, तिसरा फोडला, सगळीकडे तेच. ही तार भिंतीत गेली असती तर दोन वर्षांत जागोजागी तुटली असती आणि लोकांनी आम्हाला हुडकत येऊन शिव्या घातल्या असत्या.

तारांचे गुणधर्म मी तीन वर्षं शिकलोय. ते बॉक्स मी स्वतः उतरवून घेतले होते, मोजले होते, रचले होते. मला शरम वाटली.

अण्णांनी फोडलेले बॉक्स पायानं बाजूला सारले. मग म्हणाले, "उद्यापासनं झाडू डिप्लोमा मारंल. केबल अंबक्का बघतील!"

* * *

अण्णांची एक पद्धत आहे. त्यांचे वडील गवंडी होते, त्यांच्याकडून आली असावी. गिलावा मारायच्या आधी, त्या घरासाठी ज्यानं केबल निवडली त्यानं खाचेच्या कडेला पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहायचं. वरून गिलावा, मग रंग. ते नाव कधीच कुणाला दिसत नाही. दिसलं, तर भिंत फोडायची वेळ आली असा अर्थ!

"नाव लिवताना हात थरथरला तर केबल बदल," असं अण्णा सांगतात.

माझा हात कधी थरथरला नाही. नवा होतो. एका वकीलसाहेबांच्या घरी मी जुन्या प्रकारची, स्वस्तातली कॅट फाइव्ह टाकली. आज भागतंय ना, मग उद्याचं उद्या, असा माझा खाक्या. खाचेत नाव लिहिलं, खाली झोकदार रेघही ओढली. अडीच वर्षांनी वकीलसाहेबांनी फोर-केचा प्रोजेक्टर आणला आणि दर पाच मिनिटांनी पडदा काळा! प्रोजेक्टर बदलून बघितला, सेट-टॉप बॉक्स बदलून बघितला, काही उपयोग नाही. शेवटी भिंत फोडली. गिलाव्याचा पोपडा खाली पडला आणि आत माझं नाव, झोकदार रेघेसकट!

वकीलसाहेबांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं. म्हणाले, "आरोपीनं गुन्हा आधीच लेखी कबूल केलाय. साक्षीदार नकोत."

सगळे खो खो हसले. अंबक्का तेवढी हसली नाही. ती तेव्हा नुकतीच साइटवर यायला लागली होती. ती पुढे झाली आणि माझ्या नावावरून तिनं हळूच बोट फिरवलं. परत येऊन दुकानापाशी टेम्पोतून उतरल्यावर अण्णांना म्हणाली, "अण्णा, मला बी एक भिंत द्या."

"तुमाला कशाला?"

"बावीस वर्सं बिड्या वळल्या. बंडलावर मालकाचा फोटो, माज्या कार्डावर नंबर. माजं नाव कुटंच न्हाय." ती जरा थांबली. "ह्या डिप्लोमाचं बगा, चुकलं तरी नाव तर निघालं की!"

अण्णा शटरला चावी लावत होते. मागे न बघता म्हणाले, "केबलवर विंग्रजी छापलंय ते आधी वाचाय शिका. मग भिंत."

मला ते बरं वाटलं नाही. दुसरीपर्यंत शिकलेली बाई. मराठी वाचायची तीही अक्षराला अक्षर जोडून.

* * *

आता आमच्या केबलवर काय छापलेलं असतं ते सांगतो. प्रकार, तारेची जाडी, आत सिग्नल सांभाळणारी धातूची जाळी आहे की नाही, आणि मीटरचा आकडा. हे सगळं दर मीटरला परत परत. अक्कानं हातभर लांबीचे तुकडे पिशवीतून घरी न्यायला सुरुवात केली. मी तिला एबीसीडीचं पुस्तक आणून दिलं, ते तिनं नातीला देऊन टाकलं.

"पुस्तकात धडा एकदाच येतोय," ती म्हणाली. "हितं दर मीटरला परत येतोय. इसरायची सोयच न्हाय!"

चार महिन्यांनी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. तरुण माणूस, थिएटरसाठी ऑनलाइन केबल मागवून घेऊन आला होता. गोफ विणल्यासारखं चकचकीत आवरण, सोनेरी टोकं, वर छापलेलं कॅट एट! "हीच टाका," म्हणाला. अण्णांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी ती केबल अक्कापुढे धरली.

अक्कानं चष्मा काढला, पुसला, लावला. एक एक अक्षर बोटानं दाबत तिनं पूर्ण ओळ वाचली. इंग्रजी! प्रकार, जाडी, दुहेरी जाळी, आकड्यांसकट. एक अक्षर चुकलं नाही. अण्णांनी टेबलावर थाप मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी कोटेशनच्या वहीत तोंड घातलं.

अक्काचं मात्र संपलं नव्हतं. तिनं केबल कानाशी नेऊन दोन बोटांत चुरगाळली. म्हणाली, "वाचलं. पन हे खोटं लिवलंय. आत चंदेरी कागुद आसंल तर चुरचुर वाजतंय. हे गप बसलंय."

कापून बघितलं. जाळी नाही, कागद नाही, आत साध्या तारा!

"पण एवढं लिहिलंय की त्याच्यावर," ते गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन म्हणालं.

"लिवायला काय लागतंय?" अक्का म्हणाली. "खाली स्वताचं नाव घालून लिवा म्हनावं!"

तो माणूस गेल्यावर तिनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वाचलं, बरोबर हाय. पन पार्टी ऐकायला पायजे की तुमचं. पार्टी बाईमाणसाचं ऐकंल, तवा भिंत."

* * *

पार्टी कुणाचं ऐकते ते मला विचारा! एक डॉक्टरसाहेब होते. जुनं काळ्या दगडाचं घर, दीड-दीड हाताच्या भिंती. "केबल कशाला? सगळं वाय-फायवर चालतं आता," म्हणाले. अण्णांनी समजावलं, मी आकृती काढून दाखवली. अक्का म्हणाली, "घरात मानसं किती? आनि पाव्हनं आल्यावर किती?" डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इक्बालभाईंनी नेहमीप्रमाणे भिंतीवर दोन टिचक्या मारल्या. "डॉक्टरसाब, इस दिवार में मेरी छिन्नी बी रोती. तुमारा वाय-फाय कैसा जाएंगा?"

काही उपयोग झाला नाही. मग क्रिकेटची मॅच आली. घरात अठरा पाहुणे, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, सगळे त्याच वाय-फायवर. शेवटच्या षटकात बॅट फिरली, चेंडू उंच गेला आणि पडद्यावर तिथंच हवेत थांबला. झेल की षटकार काही कळेना! अठरा माणसं माना वर करून त्या थांबलेल्या चेंडूकडे बघत बसली. तेवढ्यात शेजारच्या गल्लीत फटाके वाजले, त्यावरून निकाल कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी डॉक्टरसाहेबांचा फोन. "इक्बालभाईंना छिन्नी घेऊन पाठवा."

त्या घराची केबल खरं तर अक्कानंच सांगितली, पण डॉक्टरसाहेबांना ते पटावं म्हणून मला माझी म्हणून सांगावी लागली. खाचेत नाव माझं लागलं. मी लिहीत होतो तेव्हा बॅटरीचा उजेड अक्का धरून उभी होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

* * *

मंगळवेढ्याचा किस्सा तर आम्ही पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. ज्वारीचे मोठे व्यापारी. खाली ज्वारीचं गोदाम, वर थिएटर. त्यांचं म्हणणं एकच, "सगळ्यात भारीतली टाका." मी सगळ्यात भारीतली काढून दाखवली. व्यापारी खूश.

अक्का थिएटर बघायला वर आलीच नाही. ती खाली गोदामात फिरून आली आणि जिन्यातूनच विचारलं, "उंदरं किती हायती?"

"ज्वारी हाय म्हंजी उंदरं हायतीच की!"

"मग केबल नंतर. आदी लोखंडाचा पाइप."

"आवं बाई, भारीतली केबल हाय. उंदीर कशाला तोंड लावंल?"

"उंदराला भाव ठावं नसतोय, मालक."

वाद नको म्हणून तिनं दोन तुकडे पोत्यांच्या मागे ठेवले, एक भारीतला आणि एक साधा. आठवड्यानं आम्ही परत गेलो. साधा तुकडा जसाच्या तसा. भारीतला तुकडा टोकापासून टोकापर्यंत सोललेला, जाळीसुद्धा कुरतडलेली!

व्यापाऱ्यांनी तो तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, "बघितलंसा का? आमच्या उंदरांस्नी पारख हाय!"

पाइप लोखंडाचाच घातला, आणि केबलसुद्धा अक्कानं सांगितली तीच. परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "अण्णा, पार्टीनं ऐकलं की. आता?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते मंगळवेढं झालं. सोलापुरात ऐकाय पायजे."

आता माझाच संयम सुटला. म्हटलं, "अण्णा, तुम्हाला नक्की भीती कसली वाटते?" अण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. त्याचा अर्थ सांगण्यासारखा नाही.

* * *

मग पुण्याचा इंजिनिअर आला. एका कारखानदारांच्या बंगल्यात चोवीस केबली होत्या आणि त्यांना प्रत्येक केबलचा दाखला हवा होता. हा इंजिनिअर मोठं मशीन घेऊन आला. आमचा टेस्टर म्हणजे आठ दिवे लागले की पास. त्याचं मशीन केबलीची कुंडली काढतं!

चोवीस केबलींची अठ्ठेचाळीस टोकं अक्कानं बांधली होती. केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनचा पीळ घातलेला. टोकाला कनेक्टर बसवताना तो पीळ सोडवावा लागतो, आणि जास्त सुटला की केबल बिघडते. मी बोटभर सोडवतो. अक्का ज्वारीच्या दाण्याएवढा सोडवते. आणि ते करताना ती तिकडे बघतसुद्धा नाही! इक्बालभाईंशी मुलीच्या लग्नाचं बोलत असते आणि खाली बोटं आपली चाललेली असतात.

"थोड्या फेल जाणारच, टेन्शन घेऊ नका," इंजिनिअर आधीच म्हणाला. पहिली लावली, पास. दुसरी पास. दहावी पास. पंधराव्याला त्यानं मशीन बंद करून परत सुरू केलं. चोवीसावी पास झाल्यावर त्यानं पहिली केबल काढून परत लावून बघितली!

मग तो अक्कासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, तुमचं ट्रेनिंग कुठं झालं?"

"कारखान्यात."

"कोर्स किती महिन्यांचा होता?"

"बावीस वर्सं."

इंजिनिअरनं तिला वाकून नमस्कार केला. कारखानदारांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची आणली. अण्णा हे सगळं भिंतीला टेकून बघत होते. बाहेर येऊन त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत कानावर ठेवली. म्हणाले, "अंबक्का, आता येईल ते घर तुमचं. केबल तुमची, भिंत तुमची."

अक्कानं हातातला कनेक्टर पिशवीत टाकला. पदरानं तोंड पुसलं. त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या चहाबरोबर तिनं भजी मागवली!

* * *

पुढचं घर निघालं अक्कलकोट रस्त्याला. श्रीकांत नावाचा सॉफ्टवेअरवाला, नवा बंगला, तळमजल्यावर थिएटर. वडिलांसाठी. आणि वडिलांना दिसत नाही! काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले.

"बाबांना सिनेमा ऐकायचाय," श्रीकांत म्हणाला. "आवाज केसभर तुटला तरी त्यांना कळतं. म्हणून केबलचं काम बाबाच बघतील. त्यांनी हो म्हटलं की मग गिलावा."

बाबांना आणून खुर्चीत बसवलं. मल्लय्या मामा. पांढरा सदरा, ताठ पाठ, लांबसडक बोटं. अंबक्का दारातच थांबली. मला बाजूला ओढून म्हणाली, "हा आमचा चेकर हाय."

विडी कारखान्याच्या शाखेत बाया रोज वळलेला माल घेऊन जातात. तिथं खिडकीत चेकर बसतो. मूठ मूठ विड्या घेऊन बोटांनी तपासतो आणि नापास माल बाजूला फेकतो. त्याला 'छाट' म्हणतात. फेकलेल्या विडीची मेहनत गेली. त्यावर दाद नाही, फिर्याद नाही.

"बारा वर्सं ह्यानं माजी छाट काढली," अक्का म्हणाली. "तोंड वर करून एकदा बी बगितलं न्हाय. खिडकीतनं नुस्ता हात यायचा."

"अण्णांना सांगतो. तुमच्यासाठी दुसरं घर बघू."

"नगं," ती म्हणाली. "हितंच बगू."

तिनं केबल निवडली. सिक्स-ए, अस्सल तांबं, जाळीची. तीन ठिकाणचे बॉक्स हातात झुलवून त्यातला एक घेतला. अठरा केबली पाइपातून ओढल्या, खाचेत एकीशेजारी एक अशा बसवल्या.

शेवटच्या दिवशी गवंड्यानं गिलाव्याचा माल कालवून ठेवला. मामा श्रीकांतचा दंड धरून उठले आणि भिंतीपाशी आले. एक एक केबल दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत हात फिरवायला लागले. पहिली. दुसरी. तिसरी. आम्ही चौघं ओळीनं उभे. मी टेस्टर बघितलाय, पुण्याचं मशीन बघितलंय, पण असं तपासणं आयुष्यात बघितलं नव्हतं. त्या बोटांना घाई नव्हती आणि शंकाही नव्हती.

अकराव्या केबलीला हात थांबला. मागे गेला. खिडकीच्या कोपऱ्यावर जिथं वळण होतं तिथं दाबून बघितलं. मग त्यांनी ती केबल चिमटीत धरून सगळ्या केबलींतून बाहेर ओढली.

"छाट."

मला अक्काकडे बघवेना. मी तिरीमिरीत टेस्टर लावला. आठच्या आठ दिवे ओळीनं लागले. "मामा, पास आहे! दिवे लागतायत सगळे!"

मामांनी मान हलवली नाही. अण्णा "यप्पा!" म्हणून खाली बसले.

अक्का पुढे झाली. मामांनी जिथं दाबलं होतं तिथंच तिनं बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो, हिला नाही म्हणू दे. टेस्टर तिच्या बाजूनं होता, मी तिच्या बाजूनं होतो. नाही म्हटलं असतं तर भिंत तिची होती.

"व्हय," ती म्हणाली. "छाटच हाय. आतला पीळ वढून सरळ झालाय."

मागून इक्बालभाईंचा आवाज आला. "मैंच खींच्या. मोड पे अटक्या था. एकच झटका दिया, अल्ला कसम."

तिनं ती केबल स्वतः ओढून काढली. नवी घातली, वळणावर हात देऊन, तसूतसूनं. तासाहून जास्त गेला. गवंड्यानं दुसरा माल कालवला. मामा तेवढा वेळ खुर्चीत बसून होते. मग परत उठले, अकरावी केबल वरपासून खालपर्यंत बघितली आणि मान डोलावली.

"काम कुनाचं हाय?"

"आमच्या अंबक्कांचं," अण्णा म्हणाले.

"बाई, हात द्या."

तिनं हात पुढे केला. मामांनी तिची बोटं चाचपली, अंगठ्याचं नख चाचपलं, मग तर्जनीवरचा विडी बांधायच्या दोऱ्याचा घट्टा. बराच वेळ तो हात त्यांनी सोडला नाही. तेलुगूत काहीतरी विचारलं. तिनं "बावीस" एवढंच मराठीत सांगितलं.

"लई फेकलं म्या," मामा म्हणाले. "आनि नाव कुनाचंच इचारलं न्हाय. खिडकी बारकी हुती."

"माल बगायचं तुमचं काम हुतं," अक्का म्हणाली.

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "लिवा अंबक्का. भिंत तुमची."

ती खाचेसमोर मांडी घालून बसली. एक एक अक्षर कोरल्यासारखं लिहीत गेली. अंबूबाई, तिचं पूर्ण नाव. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर हसू आलं, अण्णांनी तर टाळीच वाजवली. गवंड्यानं थापी उचलली.

पण पेन्सिल थांबली नव्हती. खाली तिनं लिहिलं, नागमणी. त्याच्या खाली लक्ष्मी. मग रहेमतबी.

"अक्का," मी म्हटलं, "नाव एकाचंच लिहायचं असतं."

"ह्या बी त्याच खिडकीला माल घालायच्या," ती लिहिता लिहिताच म्हणाली.

"काय लिवतीया?" मामांनी विचारलं.

इक्बालभाई तिच्या मागे उकिडवे बसले आणि ती लिहील तसं मोठ्यानं वाचायला लागले. राजव्वा. भूदेवी. शकुंतला. पद्मा. मामा भिंतीला हात लावून उभे होते. प्रत्येक नावाला त्यांचे ओठ हलत होते. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

नावं खाचेच्या कडेनं स्विचबोर्डाच्या खाली उतरली, तेव्हा गवंड्यानं मालात परत पाणी मारलं. "अक्का, माल सुकतोय. लावू का आता?"

"थांब की," ती म्हणाली. "आजून दोगी ऱ्हायल्यात."